थंडरबोल्टची पाती: माप, पीळ आणि पिच

विचारलंय असं: १/३२ मापातलं पी-४७डी थंडरबोल्ट विमानाचं मॉडेल बांधायला घेतलंय. किटमधल्या प्रॉपेलरची पाती फोटोंच्या मानाने किडकिडीत आणि सपाट वाटतात. घरी रेझिन प्रिंटर आहे, सीएडीमध्ये, म्हणजे संगणकावरच्या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये, पातं काढायची तयारी आहे. पण रुंदी, जाडी आणि पीळ यांचे खरे आकडे मिळत नाहीत. ते कुठून आणायचे, आणि नाहीच मिळाले तर फोटोंवरून काढता येतात का?

आकडे मिळत नाहीत, कारण तुम्ही विमानाच्या नावाने शोधताय. थंडरबोल्ट रिपब्लिक कंपनीने बांधलं, पण त्याचा प्रॉपेलर रिपब्लिकने बनवलेला नाही. तो कर्टिस किंवा हॅमिल्टन स्टँडर्डकडून तयार येई आणि इंजिनाच्या शाफ्टवर चढवला जाई. त्यामुळे रिपब्लिकच्या ड्रॉइंगमध्ये प्रॉपेलर म्हणजे एक व्यासाचं वर्तुळ आणि जेमतेम बाह्यरेषा. मासिकांतले त्रिदर्शनी नकाशे काढणाऱ्यांनी तीच बाह्यरेषा उचलली, किटवाल्यांनी ते नकाशे उचलले. पात्याचा खरा आकार पातं बनवणाऱ्याच्या कागदात असतो, आणि तिथे तो पात्याच्या नंबराखाली असतो. म्हणून आधी तुमच्या विमानावर नेमकं कुठलं पातं होतं ते ठरवा.

पी-४७च्या बाबतीत हे जास्तच महत्त्वाचं आहे. सुरुवातीच्या विमानांवर कर्टिस इलेक्ट्रिकचा १२ फूट २ इंच व्यासाचा, अरुंद पात्यांचा प्रॉपेलर होता. मॉडेलवाले त्याला ‘टूथपिक’ म्हणतात. पुढे चढाईचा वेग वाढवण्यासाठी रुंद, ‘पॅडल’ पाती आली. फार्मिंगडेलच्या कारखान्यातल्या डी-२२-आरई गटाला हॅमिल्टन स्टँडर्डचा १३ फूट १ ७/८ इंचाचा हायड्रोमॅटिक (तेलाच्या दाबावर पात्यांचा कोन बदलणारा) प्रॉपेलर मिळाला, तर इव्हान्सव्हिलच्या डी-२३-आरएला कर्टिस इलेक्ट्रिकचाच १३ फुटांचा. चढाईत मिनिटाला सुमारे ४०० फुटांची भर पडली, असं सांगितलं जातं. मग जुन्या विमानांवरही मैदानी कार्यशाळांत पॅडल पाती बसवली गेली. म्हणजे ‘रेझरबॅक (कॉकपिटमागे उंच पाठीचं जुनं रूप) आहे, तर टूथपिकच’ हा हिशेब चालत नाही. ज्या सीरियल नंबरचं विमान बांधताय, त्याच विमानाचा आणि शक्यतो त्याच महिन्यातला फोटो हवा.

फोटोत ओळखायचं कसं? आधी नाकाकडे बघा. हॅमिल्टनच्या हबवर पुढे गुळगुळीत, गोलसर घुमट असतो. कर्टिसच्या हबवर विजेच्या मोटरचं नळकांडं पुढे आलेलं दिसतं. मग पात्याची बाह्यरेषा. कर्टिसची रुंद पाती दोन प्रकारची आहेत: एकात मध्यरेषेच्या दोन्ही बाजू सारख्या, दुसऱ्यात एक बाजू जास्त फुगलेली. १/३२मध्ये टूथपिकचा व्यास ११५.९ मिमी येतो, कर्टिस पॅडलचा १२३.८ आणि हॅमिल्टनचा १२५.३. शेवटच्या दोघांतला दीड मिलिमीटर कुणाच्या नजरेत भरणार नाही. पण हब आणि बाह्यरेषा चुकली, तर जाणकाराला ते पहिल्याच नजरेत कळतं.

आता नंबर. हॅमिल्टनचं रुंद पातं म्हणजे ६५०७ए-२. यात ६५०७ हा पात्याच्या डिझाइनचा क्रमांक. डॅशनंतरचा आकडा सांगतो, की मूळ व्यासातून किती इंच कमी केले आहेत. शून्य असेल तर व्यास मूळचाच. हबचा नंबरही वाचता येतो. २४ई५०मध्ये ४ म्हणजे चार पाती, ई म्हणजे पात्याच्या बुडाचं माप, ५० म्हणजे शाफ्टच्या खाचांचं माप. हे कळलं की भलत्याच विमानाच्या कागदांतूनही तुमचं पातं सापडू शकतं, कारण एकच डिझाइन टोक कापून वेगवेगळ्या विमानांवर वापरलं जाई. कर्टिसचे नंबर लांबलचक असतात, ८३६-१४सी२-१८आर१ असे. शोधताना पहिला आकडा धरा. हे नंबर पात्यावरच स्टेन्सिलने छापलेले असत, त्यामुळे जमिनीवर उभ्या विमानाचा स्वच्छ, जवळचा फोटो मिळाला तर अर्धं काम तिथेच होतं.

नंबर हातात आला की दोन ठिकाणी जा. पहिलं, पात्यांच्या दुरुस्तीचे मॅन्युअल. वैमानिकाची पुस्तिका इथे निरुपयोगी, तिच्यात लिव्हर कुठे ठेवायचा एवढंच असतं. दुरुस्तीच्या कार्यशाळेला मात्र घासलेलं पातं अजून वापरण्याजोगं आहे का ते ठरवायचं असे. म्हणून तिच्या मॅन्युअलमध्ये हबच्या केंद्रापासून ठरावीक इंचांवरची रुंदी, जाडी आणि कोन यांचे तक्ते असतात. त्या अंतरांना ‘स्टेशन’ म्हणतात. तक्त्यात मूळ माप आणि किमान चालणारं माप अशी दोन्ही असतील, तर मूळ घ्या. किमान माप हे झिजलेल्या पात्याचं असतं.

दुसरं ठिकाण म्हणजे नासाची पूर्वज संस्था ‘नाका’, तिचे युद्धकाळातले अहवाल. हे नासाच्या तांत्रिक अहवालांच्या संग्रहात फुकट मिळतात, आणि थंडरबोल्टवाल्यांचं नशीब असं की लँग्लीच्या प्रयोगशाळेने पी-४७सी विमानावर वेगवेगळे प्रॉपेलर चढवून चढाईच्या आणि वेगाच्या चाचण्या केल्या होत्या. हॅमिल्टन ६५०७ए-२, कर्टिस ७१४-१सी२-१२ आणि कर्टिस ८३६-१४सी२-१८आर१ यांचे स्वतंत्र अहवाल आहेत. शोधताना विमानाच्या नावाबरोबर हे नंबर टाका. अहवालातले चढाईचे आलेख सोडून द्या, ‘ब्लेड फॉर्म कर्व्ह’ नावाची आकृती काढा. तिच्यात आडव्या अक्षावर त्रिज्येचा अंश असतो आणि उभ्या अक्षावर साधारण तीन वक्र: रुंदी भागिले व्यास, जाडी भागिले रुंदी, आणि कोन. सगळी गुणोत्तरंच असल्यामुळे १/३२ असो की १/४८, आपल्या व्यासाने गुणलं की माप तयार. स्कॅन केलेल्या आलेखावरचे बिंदू आकड्यांत बदलणारी फुकट सॉफ्टवेअर मिळतात. दहा-बारा बिंदू पुरतात, पण टोकाजवळ जास्त घ्या, कारण पात्याचा चेहरा तिथेच ठरतो.

तुमच्या विमानाचा असा अहवाल नसेल, तर १९३८चा नाकाचा ६४० क्रमांकाचा अहवाल निदान शिकायला उघडा. १० फूट व्यासाच्या दोन, तीन आणि चार पात्यांच्या प्रॉपेलरच्या चाचण्या त्यात आहेत, क्लार्क-वाय आणि आरएएफ-६ अशा दोन्ही छेदांच्या (छेद म्हणजे पातं आडवं कापलं तर दिसणारा आकार). त्या काळचं धातूचं पातं बुडाशी गोल दांडा, मग जाड छेद आणि टोकाला पातळ सुरी असं कसं बदलत जातं, ते त्या आकृत्यांवरून नीट कळतं.

कोन वाचताना एक खोच आहे. क्लार्क-वाय छेदाची मागची बाजू बरीचशी सपाट असते. कार्यशाळेत कोनमापक त्या सपाट बाजूवर टेकवून कोन घेत, आणि तक्त्यातला कोन त्याच बाजूचा असतो. पुढे आलेल्या नाका-१६ मालिकेच्या छेदांना सपाट बाजू नाही, तिथे कोन पुढच्या धारेपासून मागच्या धारेपर्यंतच्या जीवारेषेचा असतो. सीएडीमध्ये छेद आणताना हा फरक विसरलात, तर एक-दोन अंश इकडेतिकडे होतात. १/७२मध्ये कुणाला कळणार नाही, १/३२मध्ये बुडाजवळ कळेल.

आता पीळ आणि पिच. इथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो आणि चांगल्या चांगल्या प्रिंटही इथेच बिघडतात. पीळ पात्यात घडवलेला असतो, तो बदलत नाही. पिच म्हणजे अख्खं पातं हबमध्ये स्वतःभोवती फिरवणं. किल्ली कुलपात फिरवली तरी तिचे दात बदलत नाहीत, तसंच. म्हणून तक्त्यात कोन नेहमी एका ठरावीक स्टेशनचा सांगतात, हॅमिल्टनच्या बाबतीत बहुधा ४२ इंचांचा. बाकीच्या स्टेशनांचे कोन त्याच्याशी पिळाने बांधलेले असतात.

पीळ किती असायला हवा, याचा अंदाज स्वतः काढता येतो, आणि हाती आलेला तक्ता तपासायला तो कामी येतो. पी-४७चं आर-२८०० इंजिन २७०० फेऱ्यांवर चालतं तेव्हा २ला १च्या गिअरमधून प्रॉपेलर मिनिटाला १३५० फेऱ्या घेतो, म्हणजे सेकंदाला २२.५. ताशी ४०० मैल, म्हणजे सेकंदाला सुमारे १७९ मीटर वेग धरला, तर विमान दर फेरीला ७.९५ मीटर पुढे जातं. १३ फुटी प्रॉपेलरचं टोक त्याच फेरीत १२.४५ मीटरचा घेर कापतं. ७.९५ला १२.४५ने भागून टॅनचा व्यस्त (कॅल्क्युलेटरवरचं tan⁻¹) काढा, ३२.५ अंश येतात. ४२ इंचांवर घेर फक्त ६.७ मीटर, तिथे कोन ५० अंश. २४ इंचांवर ६४. पातं हवेला थोडं जास्त कोनात भिडतं, त्यामुळे खरे कोन याहून दोन-तीन अंशांनी मोठे असतात, पण फरक महत्त्वाचा: २४ इंचांपासून टोकापर्यंत सुमारे ३२ अंशांचा पीळ. किटमधल्या पात्यात तो अनेकदा दहा-बारा अंशही नसतो. तुम्हाला पाती ‘सपाट’ वाटतात ती यामुळेच.

हे गणित म्हणजे नेमका पीळ नव्हे. डिझाइनर चढाई आणि वेग यांत तडजोड करतो, त्यामुळे तक्ता सांगेल ते खरं. पण तक्त्यातला पीळ तुमच्या अंदाजाच्या निम्मा आला, तर तुम्ही बहुधा चुकीचा वक्र वाचताय.

जाता जाता, याच हिशेबात टोकाचा वेगही निघतो. फिरण्याचे २८० आणि पुढे जाण्याचे १७९ मीटर मिळून टोक हवेतून सेकंदाला ३३२ मीटरने जातं. २५,००० फुटांवर ध्वनीचा वेग सुमारे ३१० आहे. टोकं इतकी पातळ का ठेवत, ते यावरून कळावं. किटमधलं जाडजूड टोक म्हणूनच डोळ्याला खुपतं.

पिळाच्या हिशेबातला ४२ इंचांवरचा कोन दुसऱ्या अर्थानेही उपयोगी आहे. उड्डाणात ४२ इंचांवरचा कोन पन्नाशीत असतो, पण धावपट्टीशेजारी उभं विमान बहुधा बारीक पिचवर, म्हणजे लहान कोनावर, असतं, तिथे तोच कोन विशीतला. मॉडेल चाकांवर उभं करणार असाल तर पाती बारीक पिचवर लावा. स्टँडवर उडतं दाखवून पाती स्थिर ठेवणार असाल, तर मोठ्या कोनावर. कर्टिस इलेक्ट्रिकमध्ये मोटर थांबेल तिथेच पातं राहतं, तसंच जर्मन व्हीडीएम प्रॉपेलरचंही. मेसरश्मिट १०९च्या पार्क केलेल्या फोटोंत पात्यांचे कोन वेगवेगळे दिसतात ते त्यामुळे. ते बघून ‘ही वेगळी पाती आहेत’ असा निष्कर्ष काढू नका.

तक्ता मिळालाच नाही तर फोटो. इथे थोडं थांबून सांगतो, कारण फोटोवरून मोजताना भूमिती चांगलीच फसवते.

समोरून पातं बघताना त्याची पूर्ण रुंदी दिसत नाही, रुंदी गुणिले कोनाचा कोसाइन एवढीच दिसते. बाजूने उभं पातं बघताना दिसते ती रुंदी गुणिले साइन. म्हणजे एकाच स्टेशनवर दोन्ही दिशांची मापं मिळाली, तर रुंदी आणि कोन दोन्ही निघतात. समजा समोरून २७ सेंमी आणि बाजूने १२ सेंमी दिसतंय. दोघांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा, खरी रुंदी २९.५ सेंमी. १२ला २७ने भागून टॅनचा व्यस्त घ्या, कोन २४ अंश. ज्याने फक्त समोरचा फोटो गिरवला, त्याचं पातं या ठिकाणी साडेआठ टक्क्यांनी अरुंद झालं. बुडाजवळ कोन ४० अंश असेल, तर तेवीस टक्क्यांनी. किडकिडीत पात्यांचं मूळ कारण बहुतेक वेळा हेच.

पण कॅमेरा अगदी समोर होता हे कशावरून? चार पात्यांच्या प्रॉपेलरला एक सोय आहे. एक जोडी उभी आणि एक आडवी असलेला फोटो निवडा. टोकापासून टोकापर्यंतचं आडवं आणि उभं अंतर मोजा. आडवं अंतर उभ्याच्या ०.९७ पट आलं, तर कॅमेरा १४ अंश बाजूला होता. तीन टक्क्यांचा फरक सहज दुर्लक्षिला जातो, पण हे १४ अंश उभ्या पात्यांच्या कोनात थेट मिसळतात. २४ अंशांचं वरचं पातं १० अंशांचं असल्यासारखं रुंद दिसेल आणि खालचं ३८ अंशांचं असल्यासारखं अरुंद, किंवा याच्या उलट. उपाय सोपा आहे: एकाच स्टेशनवर वरच्या आणि खालच्या पात्याची दिसणारी रुंदी मोजून सरासरी घ्या आणि तिला ०.९७ने भागा. कॅमेऱ्याच्या तिरकसपणाचा परिणाम निघून जातो. मात्र फोटो लांबून, टेलिफोटो भिंगाने काढलेला हवा. जवळून घेतलेल्या फोटोत जवळचं मोठं आणि लांबचं लहान दिसतं, आणि हे गणित कोसळतं.

फोटोत मापपट्टी म्हणून पिवळी टोकं वापरायचा मोह होतो. अमेरिकन पात्यांची टोकं ४ इंच पिवळी असत हे खरं, पण ती हाताने रंगवलेली असत. व्यास माहीत असेल तर तीच पट्टी धरा.

संग्रहालयातल्या विमानावर जाऊन मोजावं का? जरूर, पण आधी तो प्रॉपेलर त्या विमानाचाच आहे याची खात्री करा. आज उडणाऱ्या बऱ्याच मस्टँगवर युद्धकाळातल्या कफवाल्या (बुडाशी रुंद आवरण चढवलेल्या) पात्यांऐवजी बिनकफाची हॅमिल्टन पाती असतात. उडणाऱ्या अनेक स्पिटफायरवर जर्मनीच्या हॉफमनने नव्याने बनवलेली पाती आहेत. स्थिर ठेवलेल्या विमानांत टोकं वाकलेली, कापलेली, किंवा चार पाती चार कोनांत बसवलेली असू शकतात, तेव्हा सगळी पाती मोजून बघा. आपल्याकडे दिल्लीच्या पालमला हवाई दलाच्या संग्रहालयात ग्रिफन इंजिनाचं पाच पात्यांचं स्पिटफायर १८, हरिकेन आणि टेम्पेस्ट २ आहेत. थंडरबोल्टसाठी त्यांचा उपयोग नाही, पण रोटोल या ब्रिटिश प्रॉपेलर कंपनीचं लाकडी पातं बुडाशी कसं जाड आणि रुंद असतं ते तिथे बघता येतं. हॅमिल्टनचं पातं घडीव अॅल्युमिनियमचं भरीव आणि कर्टिसचं पोकळ पोलादाचं, त्यामुळे तिघांचे छेद वेगळे. एकाचा छेद दुसऱ्यावर चिकटवू नका. पुढेमागे ते स्पिटफायर बांधायला घेतलंत तर आणखी एक: मर्लिन इंजिनाच्या स्पिटफायरचा प्रॉपेलर कॉकपिटमधून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरतो, ग्रिफनचा उलट. मर्लिनचं पातं तिथे आरशातलं होऊन बसलं, तर अख्खी मेहनत वाया.

सीएडीमध्ये मी असं करतो. आधी पात्याचा अक्ष, हबच्या केंद्रातून सरळ. त्यावर ६-६ इंचांवर प्रतलं, टोकाच्या शेवटच्या फुटात दोन-दोन इंचांवर. प्रत्येक प्रतलावर छेद ठेवायचा, तक्त्यातल्या रुंदी-जाडीइतका ताणायचा, तक्त्यातल्या कोनात फिरवायचा. छेदाचा कुठला बिंदू अक्षावर येतो, ते ड्रॉइंगमध्ये मध्यरेषेपासून पुढच्या धारेच्या अंतरावरून कळतं. ते नसेल तर समोरच्या फोटोतल्या बाह्यरेषेशी जुळवून ठरवायचं. एक दक्षता घ्या: ड्रॉइंगमधली बाह्यरेषा बहुधा पीळ उलगडून सपाट केलेली असते, फोटोतली प्रक्षेपित असते. दोन्ही एकावर एक ठेवून जुळत नाहीत म्हणून तक्त्यावर संशय घेऊ नका. सगळे छेद जोडून पातं तयार झालं की मगच ते एकसंध हव्या त्या पिचवर फिरवा. छेदांचे कोन एकेक करून बदलायला गेलात, तर पीळ मोडतो.

प्रिंट करताना मागची धार आणि टोक खऱ्या जाडीत छापू नका. अर्ध्या इंचाची जाडी १/३२मध्ये ०.४ मिमी होते आणि धारेशी तर त्याहून कितीतरी कमी. असं पातं क्युअर होताना, म्हणजे रेझिन कडक होताना, वळतं आणि तुम्ही हिशेबाने घातलेला पीळ तिथेच जातो. धार ०.३ मिमीच्या आसपास ठेवा, बूड खाली धरून उभं छापा, आणि बारीक सँडपेपरने मागच्या बाजूने पातळ करा, म्हणजे पुढून दिसणारा फुगवटा शाबूत राहतो. चार पाती सुटी छापून हबला अक्षावर गोल खुंटी द्या. मग कोन चिकटवताना ठरवता येतो. जाड कार्डावर ४२ इंचांच्या, म्हणजे मॉडेलवर केंद्रापासून ३३.३ मिमीच्या स्टेशनचा कोन कापून घ्या आणि गोंद सुकेपर्यंत प्रत्येक पातं त्या कार्डाला टेकवून ठेवा.